बघू

अंधेरीच्या एका परदेशी कंपनीत मालखरेदी बघणारा हा माणूस मालवणचा. खाली चहाच्या टपरीवर तो गळ्यातलं ओळखपत्र खिशात घालतो आणि माझ्याशी मालवणीत बोलतो. वर गेला की ओळखपत्र बाहेर येतं आणि इंग्रजी सुरू होतं. ऑफिसात सगळ्यांनी इंग्रजीतच बोलायचं, असा कंपनीचा नियम आहे. साहेब कोरियाचा, त्याचंही इंग्रजी उसनंच. पण हा प्रत्येक वाक्याला 'बेसिकली' लावतो.

मी त्यांना पुठ्ठ्याचे खोके पुरवायचो. एका मीटिंगमध्ये साहेबाने विचारलं, यापुढे रविवारीही माल द्याल का? माझे कामगार रविवारी येत नाहीत. गिऱ्हाइकाला तोंडावर नाही कशाला म्हणा, म्हणून मी मराठीत म्हटलं, "बघू." आपल्याकडे बघू म्हणजे नाही, हे मालवणच्या माणसाला मी शिकवायचं? याने साहेबाला सांगितलं, "बेसिकली, ही विल सी टू इट." मला वाटलं, माझाच शब्द इंग्रजीत गेला. साहेबाने ऐकलं की मी कबूल झालो.

रविवारी खोके गेले नाहीत. सोमवारी माझं काम दुसऱ्याला गेलं.

परवा मी त्याला टपरीवर गाठलं.

"तापतंस कित्याक? चाय घे," तो म्हणाला.

"चहा राहू दे. वर जा आणि साहेबाला सांग, हा माणूस हो म्हणालाच नव्हता. चूक माझ्या सांगण्यात झाली, असं म्हण."

त्याने चहा संपवला, खिशातलं ओळखपत्र काढून गळ्यात घातलं आणि मराठीत म्हणाला, "बघू."