कोपऱ्यातलं सगळ्यात गार घर

प्रबंधाचा विषय मीच हौसेने मागून घेतला होता: नागपूरच्या उन्हाळ्यात लहान घरं गार कशी राहतील. आर्किटेक्चरच्या पदव्युत्तर वर्गात मी एकटीच मुलगी, त्यात तोंडाने फटकळ. "एवढी मिजास आहे, तर करून दाखव," असं मार्गदर्शक सर म्हणाले आणि मी पेटले.

कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीतली एकाच नकाशाची सहा क्वार्टर्स मी निवडली. प्रत्येक घराच्या पुढच्या खोलीत खिळा ठोकून थर्मामीटर टांगला. घरातल्या बाईने रोज दुपारी तीनला पारा बघून वहीत लिहायचा. दर शनिवारी सकाळी मी सीताबर्डीहून बसने जायची आणि वह्या बघून, केसांत राख घेऊन परत यायची.

मे संपता संपता चमत्कार दिसला. कोपऱ्यातल्या क्वार्टरचा आकडा बाकी पाचांपेक्षा रोजच कितीतरी खाली. मला आकाश ठेंगणं झालं! त्या घराची दिशा, समोरचा कडुनिंब, खिडकीतला वारा, यावर मी बावीस पानं लिहिली, टाईपही करून घेतली. सगळा प्रबंध त्याच प्रकरणावर उभा होता.

प्रबंध द्यायला दहा दिवस उरले असताना त्या घराचा फोटो काढायला गेले, तेही भर दुपारी, न कळवता. खिळा रिकामा होता. घरातल्या काकू स्वयंपाकघर आणि मोरीच्या मधल्या तीन फुटी बोळात, पाण्याच्या घडवंचीला टेकून तांदूळ निवडत होत्या. वर ओल्या माठाला खेटून माझा थर्मामीटर.

"काकू, हा इथं काहून?" घाबरले की माझी पुस्तकी भाषा पळून जाते.

"समोरच्या खोलीत भट्टी पेटून राहिली वं! काचेचं यंत्र तुयं, तडकलं असतं तर? रोज दुपारी इथं आणते, संध्याकाळी परत खिळ्यावर."

मला रडूच आलं. काकूंनी कैरीचं पन्हं हातात दिलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या, मला ऊन लागलं म्हणून मी रडतेय असं समजून.

सरांना सगळं सांगितलं. ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाले, "अगं, थर्मामीटर माणूस बसतं तिथंच होता. तुझाच खिळा चुकला."

मग आठवडाभर बाकी पाच घरांत भर दुपारी गेले. पाचही घरांत बाया त्याच बोळात बसलेल्या! नकाशात त्या जागेला साधं नावसुद्धा नव्हतं. बावीस पानं फेकली, नवी अकरा लिहिली. टायपिस्टने तोंड वाकडं केलं, पण परीक्षकांनी नेमकं तेच प्रकरण उचलून धरलं. मी पास झाले!

बर्डीवर संत्रा बर्फी घेतली आणि बांधलेला प्रबंध दाखवायला थेट काकूंकडे गेले. त्यांचं बोट धरून नकाशातल्या बोळावर ठेवलं. "या इथं तुम्ही बसता."

काकूंनी बराच वेळ पाहिलं. "एवढीशीच दिसते वं? पुढच्या घरात जराशी मोठी कर. पाय पसरता येत नाही मले."

तेव्हापासून मी काढलेल्या प्रत्येक घरात ती जागा पाच फुटी आहे. ठेकेदार कुरकुरतात, मॅडम, जागा फुकट चालली. मी त्यांना म्हणते, मे महिन्यात दुपारी तिथं पाय पसरून बसा आणि मग बोला.