बोर्डावरची घोटभर रिकामी जागा

धनराज गेल्याची बातमी मला गोविंदशेठनी फोन करून सांगितली, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की यात या माणसाचा काय फायदा? त्यांचं आणि माझं कृषी केंद्र आर्वीत बसस्टँडजवळ समोरासमोर आहे. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी फोन केलेला नव्हता. ‘प्रमोदभाऊ, आपला धनराज गेला. आंजीले बोर्ड लावाले गेलता. शिडीवरून उतरला, पानी मागतलं, आन बसल्या जागी...’ मी फोन ठेवला आणि खात्री करून घ्यायला धनराजलाच लावला. उचलला त्याच्या बायकोनं. तेव्हा विश्वास बसला.

धनराज रोहण्याचा, शाळेत माझ्या वर्गातला. दुकानांवर लाल अक्षरं पळवणारे बोर्ड तो स्वतः बनवायचा, दिवे जोडण्यापासून आतला प्रोग्राम लिहिण्यापर्यंत. माझ्या दुकानावर त्यानं बोर्ड चढवला आणि लगोलग समोर गोविंदशेठच्याही. मित्र माझा आणि बोर्ड दोघांचे, इथंच मला खटकलं. त्यात माझा बोर्ड कपाशीसाठी ‘पऱ्हाटीचं बियाणं आलं आहे’ म्हणत पळायचा आणि मग चहाचा एक घोट होईल एवढा वेळ पार काळा व्हायचा. नेमका तेव्हाच समोरचा झगमगत असायचा! आमच्या दोन दुकानांच्या मधे, कोपऱ्यावर सखुआत्याची चहाची टपरी. ती धनराजची सख्खी आत्या, म्हणून आम्हा सगळ्यांचीच. उतारवयात वाचायला शिकलेली, त्यामुळे दिसेल ते मोठ्यानं, अक्षराला अक्षर जोडत वाचणार. ‘सो... या... बी... न’ असं तिचं सुरू झालं की चहा पिणारी सगळी मंडळी माना वळवून गोविंदशेठची जाहिरात वाचायची. माझ्या अंधारात त्यांची दिवाळी.

शेवटी मी धनराजला म्हटलं, ‘माया बोर्डात काय भरलं ते दाखव.’ त्यानं मोबाइलवर आकड्या-अक्षरांची लांबलचक माळ पाठवली. ई-झीरो, ए-फोर, मग काहीतरी, पुन्हा ई-झीरो, ए-फोर... मी विचारलं, ‘हे काय, गाड्यांचे नंबर?’

‘तुयीच जाहिरात हाये, हेक्समधी, म्हंजे अक्षराच्या आकड्यात. मराठी तशीच पाठवली का वायरीतच फुटते, म्हनून बांधून पाठवतो. सोडता येत असंन तं सोड.’

हसत हसत म्हणाला, म्हणून माझा संशय आणखी पक्का झाला. कॉलेजात आपटलेला माणूस संशयापोटी काय काय शिकतो, त्याला तोड नाही. युरियाच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवून, व्हिडिओ बघत बघत मी पायथन नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकलो. माळेतली दोन-दोन चिन्हं उचलायची, त्यांचा आकडा करायचा, आकड्याचं अक्षर करायचं. इंग्रजीत माझं स्वतःचं नाव टाकून पाहिलं, ते बरोबर उघडलं. मग छाती फुगवून बोर्डाची माळ टाकली. पडद्यावर आला डोक्यावर तिरपी काडी घेतलेला इंग्रजी ए, आणि शेजारी चार पायांचा एक गोल किडा. पुन्हा ए, पुन्हा किडा. ओळीच्या ओळी. मी आयुष्यभर किडींचं औषध विकतो. मला आणखी पुरावा नको होता.

भर बाजाराच्या दिवशी मी टपरीवर ओरडलो, ‘धन्या, माया बोर्डात किडे सोडले तू! गोविंदशेठचं खाऊन राह्यला का?’

त्यानं कप खाली ठेवला, लॅपटॉप बघितला आणि इतका हसला की आत्यानं त्याच्या पाठीत धपाटा घातला. ‘पम्या, दोन-दोन काऊन फोडून राह्यला बे? इंग्रजीचं अक्षर एका जोडीत मावते, आपल्या अक्षराले तीन जोड्या लागते. आख्खी माळ एकदम फ्रॉमहेक्समधी टाक, मंग डीकोड कर, आन अक्षरं यूटीएफ-एटमधली म्हनून सांग.’ मी केलं. ‘पऱ्हाटीचं बियाणं आलं आहे’ सरळ उभं राहिलं. सगळी टपरी माझ्यावर हसली. पण संशयी माणूस हसण्यानं बरा होत नाही. माळेच्या शेपटाला वीस, वीस, वीस असं बरंच काही होतं, आणि उघडलेल्या मजकुरात त्याचा मागमूस नव्हता. मी विचारलं, ‘हे वीस कुठं गेले?’

‘हाये तिथंच. दिसत नाई.’

‘कायले टाकले मंग?’

‘तुले सांगितलं तं तू काढून टाकशीन,’ म्हणाला, आणि उठून गेला. त्यानंतर मी अनेकदा विचारलं, तो अनेकदा हसला. आता विचारायला तो नाही. मित्रानं आपल्याला समोरच्याला विकलं होतं की नाही, हे कळल्याशिवाय त्याच्यासाठी रडायचं तरी कसं...

तेराव्यानंतर गोविंदशेठ रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आले. आयुष्यात पहिल्यांदा. मोबाइल पुढे करत म्हणाले, ‘भाऊ, खरं सांगजा. माया बोर्ड मधातच काऊन इझते? मले वाटे, तुमीच धनराजले सांगून ठेवलं.’ त्यांच्याकडेही माळ होती! मी ती उघडली. सोयाबीनचं औषध, आणि शेपटाला तेच वीस, वीस, वीस. हेक्समधलं वीस म्हणजे एक कोरी जागा. मधे चहा घेऊन आलेल्या आत्याला आम्ही दोघांनी एकदमच सांगितलं, की धनराजनं दोन्ही बोर्डांत नुसती रिकामी जागा भरली आहे.

‘मीच म्हनलं होतं त्याले,’ ती कप ठेवत म्हणाली. ‘दोन्हीकून एकाच वक्ती अक्षरं पळे. म्या कोनाचं वाचू? तो म्हने, आत्या, एक थांबवतो, तू दुसरं वाच.’

गोविंदशेठनी मोबाइल खिशात टाकला. मी लॅपटॉप मिटला, कारण पडद्यावरचं काही दिसेनासं झालं होतं.

बोर्डांच्या आतली, पाळी ठरवणारी घड्याळं स्वस्तातली. धनराज अधूनमधून येऊन ती जुळवून द्यायचा. आता सरकत सरकत दोन्ही बोर्ड संध्याकाळी एकदमच काळे होतात. आत्याचं वाचणं थांबतं, गाळणी हातात तशीच राहते. मी माझ्या पायरीवर, गोविंदशेठ त्यांच्या पायरीवर. घड्याळ कसं जुळवायचं ते मला येतं, हे त्यांना माहीत आहे. त्यांच्याकडे नागपूरहून मेकॅनिक येतो, हे मला माहीत आहे. घोटभर वेळ आम्ही एकमेकांकडे संशयानं बघत राहतो, समोरचा आधी दुरुस्त करून धनराजचा हा अंधार पुसून तर टाकणार नाही ना...