घरी विचारलंय ना?

पंचवटीतल्या गल्लीतल्या त्या पार्लरवालीचं नाव मी कधी विचारलं नाही. वर्षभर सासूबाईंचं आजारपण काढल्यावर मला जरा स्वतःकडे बघायचं होतं, म्हणून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मानेपर्यंत कापा." तिनं माझी वेणी सोडली, केस मुठीत धरले, कात्री उचलली आणि थांबली.

"घरी विचारलंय ना, ताई?"

माझं डोकंच फिरलं. "केस माझे आहेत! पुरुषांना विचारतं का कुणी असं?"

ती चिडली नाही. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "केस तुमचेच, पण भांडायला माझ्या दारात येतात. परवा एकीचा नवरा कापलेली वेणी परत मागत होता."

मग तिनं सपासप केस कापले. मान हलकी झाली. राग तसाच होता, फक्त आता तो तिच्यावर नव्हता.

घरी आले, तर नवरा बघतच राहिला. बरे दिसतात की वाईट, हे काही बोलला नाही. म्हणाला, "कुठल्या बाईनं कापले हे? पत्ता दे मला तिचा."

"मीच कापले," मी म्हणाले. "बोल आता, काय बोलायचंय ते."