एक जूनच्या दोन संगीता

७ जुलै २०२५, सोमवार, सकाळी १० वाजून ४० मिनिटे. संगीता वानखडे यांनी खुर्चीत बसण्याआधीच वाजणारा फोन माझ्या टेबलावर ठेवला.

“घ्या मॅडम, तुमीच बोला. मी सांगू सांगू थकली.”

कारंजा येथील आमच्या केंद्रात मी क्रेडिट समुपदेशक आहे. कर्ज, वसुली किंवा बँकेचा नकार यांत अडकलेल्यांचे अर्ज आम्ही विनामूल्य तयार करतो. मी स्पीकर सुरू केला.

“संगीता गौतम वानखडे? चार हप्ते थकले. भरता, का गावात येऊन चौकात नाव पुकारू?”

मी त्या वसुली एजंटाचे नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक विचारला. फोन कट झाला.

संगीताबाई कामरगावच्या अंगणवाडीत मदतनीस आहेत. त्यांनी आजवर कर्ज घेतलेले नव्हते. मुलगी प्रतीक्षा हिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. शैक्षणिक कर्जात आईला सहअर्जदार केले आणि आईच्याच नावावर थकबाकी दिसते म्हणून बँकेने फाइल परत केली. फी भरण्याची शेवटची तारीख ८ ऑगस्ट होती.

मी त्यांचा क्रेडिट रिपोर्ट काढला. क्रेडिट रिपोर्ट म्हणजे आपल्या सर्व कर्जांची प्रगतिपुस्तिका. कर्ज देणाऱ्या संस्था ती भरतात आणि बँका ती पाहतात. त्यात एका छोट्या फायनान्स कंपनीचे कर्ज होते. नाव तेच, जन्मतारीख तीच, १ जून १९८१. पत्ता फक्त ‘मु. पो. कामरगाव’. पॅन क्रमांकाचा रकाना रिकामा.

“ही तुमची खरी जन्मतारीख?”

“कायची खरी! माय सांगे, हिवाळ्यात तुरी सोंगतानी झाली मी. जून गुरुजीनं टाकला.”

माझे शिक्षण संख्याशास्त्रातले. दोन व्यक्तींचे पूर्ण नाव आणि जन्मतारीख जुळणे दुर्मीळ असते, असे आम्हाला शिकवले होते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट एक जून लिहिलेल्या गावांना मात्र तो नियम लागू होत नाही.

“या नावाच्या आणखी कोणी आहेत गावात?”

“हाय. आमच्याच भावकीतली. तिचा नवराबी गौतमच. आमी तिले धाकली म्हणतो.”

कोडे सुटले, असे मला वाटले. मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला फोन लावला. चुकीची नोंद दुरुस्त करण्यास नियमानुसार तीस दिवसांची मुदत असते. त्यापुढे विलंबाच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. ते त्यांना ठाऊक होते.

“तीस दिवस कशाला, मॅडम? खरी बाई कुठे राहते तेवढं सांगा. एंट्री संध्याकाळपर्यंत काढतो.”

मी मनात हिशेब केला. पत्ता सांगितला तर हाती बत्तीस दिवस. अर्ज करून थांबलो तर, वाईटात वाईट, दोन. मी फोन म्यूट केला आणि पेन उघडले.

“घर कोणत्या गल्लीत?”

“नाही सांगत.”

“संगीताताई, प्रतीक्षाची सीट जाईल.”

“मले फोन येते तं मी कट करते. तिच्या दारात हा माणूस उभा राह्यला तं तिची सासू तिले घरात ठेवन काय? नवऱ्याचा पाय मोडला तवा तिनं सासूले न सांगता कर्ज उचललं.” त्यांनी डोळ्यांना पदर लावला. “सीट गेली तं माही पोरगी एक साल रडन. तिचं घर गेलं तं?”

मी पेन बंद केले. खरा कर्जदार शोधून देणे हे तक्रारदाराचे काम नाही. नियमात तसे कुठेही लिहिलेले नाही. हे मला पाठ होते, तरी घाईत मी ते विसरले होते.

“पत्ता मिळणार नाही,” मी अधिकाऱ्याला सांगितले. “लेखी तक्रार मिळेल. एकाचे कर्ज दुसऱ्याला सांगितल्याची आणि धमकीची तक्रार वेगळी.”

“तुम्ही वाढवून राहिल्या, मॅडम.”

“मी नोंदवते आहे.”

आधार, पॅन आणि सहीचा नमुना जोडून त्याच दिवशी दोन अर्ज गेले, एक कंपनीला आणि एक हा रिपोर्ट तयार करणाऱ्या क्रेडिट ब्युरोला. दोन्हींची पोच घेतली. संगीताबाई दर सोमवारी येत, “काही आलं काय?” विचारत आणि उत्तर ऐकून तशाच बसस्टँडकडे जात. चोविसाव्या दिवशी नोंद निघाली. कर्ज मंजूर झाले. ५ ऑगस्टला फी भरली गेली.

पुढच्या सोमवारी त्या पुन्हा आल्या. दाराबाहेर आणखी एक बाई चप्पल न काढता उभी होती.

“ये वं, खाऊन नाही टाकत ह्या!” मग मला म्हणाल्या, “हे धाकली. लाजून राह्यली होती, ओढून आणली.”

धाकल्या संगीताबाई जमिनीकडे पाहून म्हणाल्या, “पण माह्यं देणं तं खरंच हाय, मॅडम.”

“देणे खरे असले तरी तुम्हाला कोणी धमकावू शकत नाही. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोनही करू शकत नाही.”

“खरं देणं असलं, तरी?”

“तरी.”

त्या खुर्चीत टेकल्या. मोठ्या संगीताबाईंनी पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला. नवऱ्याच्या अपघाताची कागदपत्रे जोडून आम्ही हप्ता लहान करून मागितला. कंपनीने तो दिला, आणि एजंट कामरगावात आला नाही.

यातून शिकण्यासारखे फार नाही. नोंद दुरुस्त करायला कोणाचा पत्ता लागत नाही. अर्ज लागतो आणि पोच लागते.

केस बंद करताना आमच्या सॉफ्टवेअरने दुसऱ्या संगीताचे नाव घेण्यास नकार दिला: ‘ही व्यक्ती आधीच नोंदलेली आहे.’ मी फॉर्म छापला आणि शेवटचा रकाना हाताने भरला. लाभार्थी : २.