सासूबाईंच्या हाताचे जंतू

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! पण चहा आलाच आहे, तर ऐका. हसा खुशाल, फक्त मधे बोलू नका. मला आधीच लाज वाटतेय.

मी चाकणला एका छोट्या कंपनीच्या लॅबमध्ये कामाला. आमचं काम काय, तर झाडपाला. कडुनिंब, निर्गुडी, अडुळसा, असल्या पाल्याचा अर्क काढायचा आणि त्यानं जंतू मरतात का, सूज उतरते का, ते तपासायचं. जंतू वाढवायला झाकणाच्या चपट्या ताटल्या असतात, त्यांत जेली ओततात. आम्ही त्याला प्लेट म्हणतो.

आणि घरी सासूबाई! मूळच्या लातूरकडच्या. काळेवाडीत आयुष्य गेलं, पण कडुनिंबाचं पाणी काही सुटलं नाही. रोज सकाळी पातेलंभर पाला उकळणार आणि त्यानंच हात धुणार. साबण? "त्यानं नुसता वास येतो गं." मग त्याच हातानं भात कालवून माझ्या पाच वर्षांच्या लेकाला, सुमेधला, भरवणार. तो पठ्ठ्या दुसऱ्या कुणाच्या हातचं खायचाच नाही. माझ्या तर मुळीच नाही!

मला ते खुपायचं का? खुपायचं हो! खोटं कशाला बोलू?

तर एका रविवारी मी लॅबमधून आणलेल्या दोन प्लेटा काढल्या आणि म्हटलं, "आई, तुमचा पाला भारी की आमच्या कंपनीचा हँडवॉश, एकदा बघूनच टाकू."

"बग की. मी काय भेते का?"

त्यांनी पाल्याच्या पाण्यानं हात धुतले, मी हँडवॉशनं. दोघींनी उजव्या हाताची बोटं आपापल्या प्लेटवर टेकवली. ओट्यावर दोन झाकणं पडली होती. एकावर मी मार्करनं 'आई' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'मी'. झाकणं लावली, प्लेटा डब्यात घातल्या आणि दुसऱ्या दिवशी लॅबच्या उबदार कपाटात ठेवून दिल्या.

मंगळवारी उघडून बघते तर काय! 'आई'च्या प्लेटमध्ये जत्रा भरलेली! पिवळे, पांढरे ठिपके, बोटांचे ठसेच्या ठसे उठलेले. आणि 'मी'? दोन-चार ठिपके, बाकी लख्ख.

शहाण्या बाईनं काय केलं असतं? पुन्हा एकदा करून बघितलं असतं. मी काय केलं? शेजारी झाकण ठेवून, नाव दिसेल असा झकास फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला!

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. संध्याकाळी घरी आले तर विहारातल्या बायका बसल्या होत्या. मी पर्स खाली ठेवायच्या आधी फोन फिरवला. "बघा, बघा, आईंच्या पाल्याचा प्रताप!"

"अगं बाई! एवढं असतंय व्हय हाताला?"

"आणि आम्ही यांच्या हातचं लोणचं मागून नेतो की!"

सगळ्या हसल्या. सासूबाईही हसल्या, आणि हात पदराखाली घेऊन बसल्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी अशी फुगले होते की लॅबमधला कुठलाच अर्क ती सूज उतरवू शकला नसता.

दुसऱ्या दिवशी पातेलं गॅसवर चढलंच नाही. आणि सुमेधच्या ताटात चमचा.

"आजी, भरव ना."

"नको बाळा. माझे हात घाण हायेत."

पोरगं रडलं, ताट सरकवलं, उपाशी झोपलं. सासूबाई दाराआड उभ्या राहून बघत होत्या, पण पुढे आल्या नाहीत. कणीक मळायची तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधायच्या! मी म्हटलं, "आई, एवढं काय मनावर घेता?"

"मनावर कशाला घेऊ? तू शिकलेली हायेस. फोटू काय खोटं बोलतो का?"

असा आठवडा गेला. मग एक दिवस नवरा फर्स्ट शिफ्ट करून आला, चहा पिता पिता मोबाईल बघत बसला आणि एकदम म्हणाला, "ए, आईची पाचही बोटं कुठून आली गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? बघ की फोटो!"

आता हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. सासूबाई भोसरीला पत्रा कापायच्या एका प्रेसशॉपमध्ये कामाला होत्या, आणि उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं तिथं मशीनमध्ये गेलेलं. खरं सांगू? माझ्याही लक्षात नव्हतं. रोज त्या हातचं जेवते मी! आणि फोटोत पाच बोटं, पूर्णच्या पूर्ण, टोकापर्यंत.

झाकणं! अहो, लॅबमध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी दम देते, नाव खालच्या ताटलीवर लिहायचं, झाकणावर नाही. झाकणं अदलाबदल होतात राव! म्हणजे ती जत्रा माझ्या हाताची, आणि तीही कंपनीच्या हँडवॉशनं धुतलेल्या. पाल्यानं जंतू मरतात का, हे शोधायचा मी पगार घेते. घरात ते दिसलं, तर नेमकं उलटं सांगून मोकळी झाले.

तशीच सासूबाईंकडे गेले. "आई, चुकलं माझं. फोटोतला तो हात तुमचा नव्हता."

"ऱ्हाऊ दे गं. मन राखायला बोलायलीस."

मी त्यांचा हात धरला आणि फोटोशेजारी ठेवला. त्यांनी आपलं अर्धं बोट फोटोतल्या मधल्या बोटाशी ताडून बघितलं.

"म्हंजे हे तुजं हाय?"

"हो."

"एवढं सगळं?"

"हो, आई."

"अगं माय! आंघोळ करून बसली होतीस की तू!"

इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. मी ग्रुपवर लिहिलं, 'तो हात माझा आहे.' सगळ्या चुलत सासऱ्यांनी अंगठे पाठवले. पाठवू देत, मला तेवढं मिळायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पातेलं चढलं. सासूबाईंनी हात धुतले, वरणभात कालवला, वर तूप सोडलं आणि घास करून सुमेधपुढे धरला.

"आजी, मला चमच्यानं येतं आता. मी मोठा झालो."

आणि खाल्लं हो त्यानं! एक शीत सांडलं नाही. घास तसाच त्यांच्या हातात.

"खरंच की. मोठं झालं माझं लेकरू," त्या म्हणाल्या.

मला तिथून उठून जावंसं वाटलं. अजून वर्षभर तरी त्यानं त्यांच्या हातचं खाल्लं असतं. तेवढंच तर त्यांना हवं होतं, आणि ते मी एका फोटोपायी घालवलं. काय म्हणून माफी मागायची आता?

त्या माझ्याकडे वळल्या. "आ कर."

"मी?"

"मग? कालवलेला भात टाकून देऊ का?"

मी केला आ. सुमेध चमचा तोंडात धरून बघतच राहिला.

"आजी, आई अजून छोटी आहे का?"

"व्हय बाळा," सासूबाई म्हणाल्या, "लई छोटी हाय."

तोंडात घास होता. तो गिळला आणि पुन्हा आ केला.