माझ्या बाभळीची मळई

परवा विहिरीतला गाळ उपसताना त्याचा ओला वास आला आणि निजामाच्या अमदानीतला गोदावरीचा, आमच्या गंगेचा काठ डोळ्यांपुढे उभा राहिला. तलवाड्याकडची मंडळी आजही सांगतात, की माझा चुलतभाऊ रामराव पुण्यवान, म्हणून गंगेने त्याला मळई, म्हणजे काठची गाळाची जमीन, दिली. साफ खोटे. ती मळई मी दिली.

एका पुरात उन्मळलेली बाभूळ माझ्या काठाला अडकली होती. तिच्यामुळे काठ खचेल या समजुतीने मी गडी लावून ती बांबूंनी रेटली आणि प्रवाहात लोटली. ती खालच्या वळणावर, रामरावाच्या काठाशी रुतली. तिच्या फांद्यांत पाणी मंदावले, गाळ बसत गेला आणि तीन पावसाळ्यांत तिथे लोण्यासारखी काळी जमीन वर आली. माझ्या काठाला नुसते गोटे राहिले. रोज ती जमीन पाहून माझा जीव जळे.

उन्हाळ्यात महसुलाचा गिरदावर मोजणीला आला. "ही जमीन आली कुठून?" त्याने विचारले.

रामराव हात जोडून म्हणाला, "गंगामायची किरपा हाय, साहेब."

बाभळीचे नाव माझ्या ओठांवर आले होते. पण उच्चारले असते, तर माझेच हसे झाले असते.

मग रामरावाने मळईवरचे पहिले खरबूज फोडले आणि माझ्या हाती फोड दिली. "कसं हाय, दादा?"

"फिकं हाय. निव्वळ पाणी."

"मंग सालीपतूर कावून खाल्लं?"

सगळे हसले. तितके गोड खरबूज मी पुन्हा कधी खाल्ले नाही, आणि रामराव होता तोवर हे त्याला कळूही दिले नाही.