लोण्यातला हिंग

माझं नाक गेलं ते एका साध्या तापात. ताप चार-पाच दिवसांत उतरला, खोकला थोडा रेंगाळला आणि तोही गेला. वास मात्र परत आला नाही. पहिल्यांदा लक्षात आलं ते फोडणी करताना. तेलात मोहरी तडतडली, कढीपत्ता टाकला, आवाज झाला, धूर झाला, पण वास नाही. मी कढईवर वाकले, डोळ्यांत पाणी आलं, तरी नाही.

वास गेला की चवही जाते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. खारट, आंबट, गोड, तिखट एवढं जिभेला कळतं. पण डोळे मिटून घास घेतला तर आमटी कुठली आणि सांबार कुठलं, ते सांगता येत नाही.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. त्यात लपवण्यासारखं काय, असं आज कुणी विचारलं तर मला नीट उत्तर देता येणार नाही. आम्ही शारजात अल नहदाला राहतो. नवरा अबू धाबीपलीकडे रुवैसच्या रिफायनरीत इंजिनिअर. आठवडाभर तिकडे कंपनीच्या खोलीत, शुक्रवारी संध्याकाळी घरी. इथे आल्यापासून मी नोकरी केली नाही. बिल्डिंगमध्ये आणि मराठी मंडळात माझी जी काही ओळख होती ती स्वयंपाकामुळे. गणपतीच्या नैवेद्याचा स्वयंपाक माझ्याकडे असायचा. नैवेद्य चाखून बघता येत नाही, दरवळावरूनच अंदाज घ्यायचा, आणि माझा अंदाज चुकत नाही असा लौकिक होता. समोरची शेजारीण दार उघडून म्हणायची, "वहिनी, आमटीत काहीतरी राहिलंय हो," आणि मी आमच्या उंबऱ्यातूनच सांगायची, "गूळ घाला." तिला याचं फार नवल वाटायचं, आणि मला तिचं नवल वाटणं आवडायचं. नाक गेलं म्हणजे तेवढं एकच जे माझ्याकडे होतं ते गेलं, असं मला वाटलं. लाज वाटली. एखाद्या गवयाला आवाज बसल्यावर वाटत असेल तशी.

मग मी चमच्यांच्या मापावर स्वयंपाक करू लागले. मुलगी शाळेतून आली की तिच्यापुढे वाटी धरायची, "मीठ बघ गं." ती मान वर न करता सांगायची, "इट्स फाइन, आई." एकदा दूध करपलं तेव्हा मी शेजारीच ओट्यावर भाजी चिरत होते. मला पत्ता नाही. शेजारणीने बेल वाजवली. "फोनवर होते हो," मी म्हटलं.

त्याच दिवसांत मला टीव्हीवरच्या त्या स्पर्धेचा नाद लागला. ब्रिटनमधली, हौशी स्वयंपाक्यांची. मुलगी आधीपासून बघायची, मी तिच्याशेजारी बसू लागले. स्पर्धक हात पाठीमागे बांधून उभे राहतात, परीक्षक काट्याने एक घास घेतात, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहतात, आणि मग निकाल. बघता बघता मला एक गोष्ट जाणवली. तिथे शिजतं त्याचा वास जगात कुठल्याच प्रेक्षकाला येत नाही. त्या सोफ्यावर मी आणि मुलगी अगदी सारख्या होतो. परीक्षकांचे शब्द ऐकून मलाही चव कळल्यासारखं वाटायचं. ते शब्द मी उचलले. बॅलन्स, टेक्स्चर, थोडी अॅसिडिटी हवी होती, थोडं धाडस कमी पडलं. शनिवारी आम्ही दुबईच्या देऱ्यात किंवा शारजात कुठेतरी जेवायला जायचो, तिथे मी हे शब्द वापरू लागले. कुरकुरीत काय, मऊ काय, ताटात रंग कसे मांडलेत, हे दिसतं आणि दातांना कळतं. बाकीचं बोलून भागवता येतं. नवरा कौतुकाने म्हणायचा, "तू तर त्या परीक्षकांच्या वर गेलीस." मुलगी मैत्रिणींना सांगायची, माझी आई एका घासात सगळे इन्ग्रीडियंट्स ओळखते.

आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली तेव्हा त्या दोघांनी माझ्या नकळत बेत केला. त्या स्पर्धेत आमची एक आवडती स्पर्धक होती. उपांत्य फेरीत तिचं कस्टर्ड जमलं नाही आणि ती बाहेर पडली, तेव्हा आम्ही मायलेकी हळहळलो होतो. ती आता दुबईतल्या एका हॉटेलात शेफ म्हणून आली होती. शनिवारी दुपारी नवऱ्याने गाडी त्या हॉटेलापाशी उभी केली. मुलगी म्हणाली, "सरप्राइज!" आणि माझ्या बाजूचं दार उघडलं.

पहिला पदार्थ काचेच्या घुमटाखाली धूर कोंडून आला. वाढणाऱ्या मुलीने घुमट उचलला आणि म्हणाली, "आधी वास घ्या, मॅडम." मी डोळे मिटून खोल श्वास घेतला. धूर घशात गेला, डोळे चुरचुरले, पाणी आलं. मुलगी मोबाईलवर शूटिंग करत होती. "आई इज क्राइंग," ती हळूच बापाला म्हणाली. त्यांना वाटलं मी भारावून गेलेय. नवऱ्याने टेबलावरून माझा हात धरला.

एवढ्यावर निभावलं असतं. पण आमच्या मुलीने त्या वाढणाऱ्या मुलीला माझा लौकिक सांगितला, तिने आत जाऊन सांगितला, आणि मासा आला तेव्हा त्याच्यासोबत शेफ स्वतः आली. टीव्हीवर दिसायची त्याहून ठेंगणी, मनगटावर भाजल्याचा डाग. हातात तांब्याचं छोटं भांडं, त्यात वितळून फेसाळलेलं लोणी. तिने ते माशावर ओतलं आणि थोडं एका चमच्यात घेऊन माझ्यापुढे धरलं.

"यात मी एक गोष्ट घातलीय," ती म्हणाली. "माझ्या इंग्लिश पाहुण्यांना ती ओळखता येत नाही. तुम्हाला येईल."

लोणी ओतताक्षणी नवऱ्याचा चेहरा उजळला होता. मुलगी तोंडावर हात ठेवून हसत होती. म्हणजे त्या दोघांना कळलं होतं, नुसत्या वासाने. मी चमचा तोंडात घातला. स्निग्ध, खारट, शेवटी थोडं आंबट. बास. मी त्यांच्या तोंडाकडे बघून काही सुचतंय का ते पाहिलं. तुम्हाला येईल, म्हणजे आपल्याकडचं काहीतरी.

"वेलची," मी म्हटलं. "अगदी हलकी."

नवरा खो खो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय. शेफही हसली. मुलगी म्हणाली, "आई, सीरियसली सांग ना!"

मी दुसऱ्यांदा चमचा बुडवला, वेळ काढला, आणि म्हटलं, "मग जायफळ?"

नवऱ्याचं हसू थांबलं. तो माझ्याकडे बघत राहिला. कळलं नाही असं नव्हे, काहीतरी कळायला लागलंय, अशा नजरेने. शेफ घाईघाईने म्हणाली, "हिंग आहे. पण मी फार कमी घातला असणार. माझीच चूक."

हिंग. माहेरी हिंगाची डबी दुहेरी झाकणाची असायची, तरी कपाटातल्या साखरेलाही त्याचा वास लागायचा.

शेफने मला वाट काढून दिली होती. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण माझ्या तोंडून ते शब्द आपोआप बाहेर पडले. "हो, थोडा कमीच पडलाय. अजून जरा धाडस करायला हवं होतं."

मग तिने मान हलवली. कस्टर्डच्या वेळी परीक्षकांपुढे हलवली होती अगदी तशी, ओठ मिटून. "थँक यू. लक्षात ठेवीन," म्हणाली आणि भांडं घेऊन आत गेली.

पुढचं जेवण आम्ही कसं संपवलं, मला आठवत नाही. मिठाईच्या बशीवर चॉकलेटने शुभेच्छा लिहिल्या होत्या. मुलीने त्याचा फोटो काढला नाही.

शारजाच्या वाटेवर नेहमीसारखी गाड्यांची रांग होती. मग समोर बघतच नवऱ्याने विचारलं, "तुला वास येत नाही का?"

"नाही."

"कधीपासून?"

"तो ताप आला होता ना, तेव्हापासून."

त्याने हिशेब केला असावा. वर्ष उलटून गेलं होतं. "म्हणजे डबे..." तो म्हणाला. दर रविवारी मी त्याच्यासोबत रुवैसला भाजी-आमटीचे डबे देते. "दोन-तीनदा आमटी आंबलेली निघाली. मला वाटलं, गाडीत तापली असेल. मी तुला बोललो नाही, तुला वाईट वाटेल म्हणून."

"मग खाल्लीत?"

"एकदा खाल्ली."

मला खिडकीबाहेर बघण्याखेरीज काही करता येईना. हा माणूस माझी नासलेली आमटी खाऊन गप्प बसला होता, आणि मी त्याच्यासमोर चवीवर व्याख्यानं देत होते.

मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "सो यू लाइड टु हर."

"कुणाला?"

"शेफला. आम्हाला नाही सांगितलंस, ओके, दॅट्स युअर थिंग. पण शी मेड इट परफेक्टली, आई. आणि तू तिला रिमार्क दिलास."

"मी जाईन तिच्याकडे," मी म्हटलं. त्या वेळी नुसतं तोंडातून निघून गेलं. पण मुलगी सोडणारी नव्हती. पुढच्या शनिवारी नवऱ्याने सकाळी गाडीची किल्ली हातात घेतली तेव्हा मी त्याला घरीच राहायला सांगितलं. त्याच्यादेखत ते सगळं पुन्हा बोलायची माझी हिंमत नव्हती. मुलगी आणि मी बसने, मग मेट्रोने गेलो. रेस्टॉरंट उघडायचं होतं. पोरं टेबलांवर काचेचे पेले मांडत होती.

शेफ एप्रनला हात पुसत बाहेर आली. तिने मला लगेच ओळखलं आणि तिचा चेहरा जरा ताठ झाला. वाटेत मी वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरले. म्हटलं, "मला वास येत नाही. चवही कळत नाही. त्या दिवशी मी तुमच्या सॉसबद्दल जे बोलले ते खोटं होतं. हिंग बरोबर होता."

ती खुर्ची ओढून बसली, मलाही बसवलं.

"तुम्ही गेल्यावर मी हिंगाचं ते पाकीट फेकून दिलं," ती म्हणाली. "म्हटलं, भारतीय बाईंना ओळखता येत नाही म्हणजे माल खराब आहे. दुसरा आणला, जास्त घातला. त्या संध्याकाळी दोन टेबलांवरून मासा परत आला."

मला वाटलं आता ती हसेल, म्हणजे मलाही हसता येईल. ती हसली नाही. रागावलीही नाही. जे झालं ते तिने नुसतं सांगितलं. माझ्या एका वाक्याने तिला रात्रभर स्वतःच्या जिभेवर भरवसा उरला नव्हता, हे मला तिथे बसल्यावर कळलं. मी तीनदा सॉरी म्हटलं. तिसऱ्यांदा तिने हात वर केला. "पुरे. आलात, हे बरं केलंत."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "मग आता तुम्हाला खायला काय आवडतं?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी विचार केला. "कुरकुरीत काहीतरी," मी म्हटलं. "आणि गार. दह्यात भिजत घातलेले पोहे नाहीत, दह्यावर ऐन वेळी घातलेले भाजके पोहे." हे मी मराठीतच बोलले, मुलीला त्याचं इंग्रजी करताना धांदल झाली. शेफने ते नीट ऐकून घेतलं. तेवढ्यात मागच्या दाराशी भाजीची गाडी आली आणि तिला जावं लागलं.

पुढे मी डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, येईल, कदाचित नाहीही. रोज लवंग, लिंबाची साल, असं काहीबाही हुंगायला सांगितलंय. मी हुंगते. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना फोन करून सांगितलं की यंदा नैवेद्य दुसऱ्या कुणाकडे द्या, आणि कारणही सांगितलं. त्या हळहळल्या, मग जरा थांबून म्हणाल्या, "म्हणजे गेल्या गणपतीलासुद्धा...?" मी "हो" म्हटलं. समोरच्या शेजारणीलाही सांगितलं; ती हल्ली दार उघडून आमटीचं विचारत नाही. तिला माझी दया येते, असं वाटतं. तिच्या त्या नवल वाटण्याची मला सवय झाली होती.

त्या शनिवारी हॉटेलातून परतताना मेट्रोत उभ्यानेच मी नवऱ्याला फोन केला. घरी तो वाट बघत होता.

"काय म्हणाली ती?"

मी सगळं सांगितलं, पाकीट फेकल्याचं, परत आलेल्या माशाचं. आणि तिने शेवटी काय विचारलं तेही. 

"मग काय आवडतं तुला?" त्याने विचारलं.

मी सांगू लागले. मुलगी शेजारी दांडीला धरून उभी होती, सगळं ऐकत. डब्यातल्या दोघी-तिघी माझ्याकडे वळून बघू लागल्या, कारण सांगता सांगता मला रडू फुटलं होतं आणि ते आवरता येत नव्हतं.